श्पार्गेलची खीर

परवा सायकलवरून घरी येताना ग्रीसहाइमच्या रस्त्याला ती लाकडी टपरी पुन्हा उभी राहिलेली दिसली, आणि माझ्या पायांनी मला न विचारताच पेडल मारायचं थांबवलं. टपरीतल्या पोलिश बाई मला आता ओळखतात. एक किलो जाड, पहिल्या प्रतीचा, आणि पाव किलो मोडका, असं मी म्हणायच्या आत त्यांनी दोन पिशव्या भरल्या सुद्धा. मोडका कशाला, हे त्यांनी एका वर्षी विचारलं होतं. मी खरं उत्तर दिलं होतं. त्यानंतर त्यांनी पुन्हा विचारलेलं नाही.

श्पार्गेल म्हणजे पांढरा ॲस्परॅगस. मातीच्या उंच वरंब्याखाली, अंधारात वाढणारा कोंब. त्यानं डोकं वर काढायच्या आत माती उकरून तो कापायचा. ऊन लागलं की तो जांभळा पडतो, आणि विकत घेणाऱ्या जर्मन माणसाचा चेहराही. एरवी कशानंच न हलणारी ही माणसं एप्रिलच्या मध्यापासून जी हलतात! ऑफिसात कोणी कुठून आणला, किती जाड होता, सालं कशी काढली, यावर इतकी गंभीर चर्चा चालते की आपल्या हापूसवाल्यांनी लाजावं. आणि चोवीस जूनला, सेंट जॉनच्या दिवशी, सगळं बंद. शेतात कोंब दिसत असले तरी कापायचे नाहीत. मुळांना विश्रांती दिली नाही तर पुढच्या वर्षी काही उगवत नाही, असं ते सांगतात. मला या देशात आवडणाऱ्या गोष्टींत हा नियम फार वर आहे.

टपरीहून घराकडे येताना छावणीच्या कुंपणावरून जावं लागतं. दुसऱ्या महायुद्धापासून इथे असलेली अमेरिकन सैन्याची छावणी. आता ती रिकामी आहे. गेल्या वर्षी शेवटचा झेंडा उतरला, आणि बेसबॉलच्या मैदानावर गुडघाभर गवत वाढलंय. माझी मुलगी मीरा, वय वर्षं सहा, कुंपणाला नाक लावून तिथले ससे मोजते. इथे कोण राहायचं, असं तिनं जर्मनमध्ये विचारलं. मी मराठीत सांगितलं, डोनामावशीची माणसं. तिला ते पुरलं. मला मात्र दोन हजार तीनच्या वसंतातलं आमचं घर आठवत राहिलं.

डार्मश्टाटच्या त्या तीन मजली घरात तेव्हा तीन बिऱ्हाडं होती. खाली घरमालकीण, फ्राऊ इंगे हार्टमान. वय सहासष्ट, विधवा, पाठीचा कणा ताठ आणि जिन्याच्या स्वच्छतेबद्दलची मतं त्याहून ताठ. मधल्या मजल्यावर डोना आणि तिचा नवरा रे. तो अमेरिकन सैन्यात सार्जंट. छावणीत घर मिळत असून ते गावात राहत, कारण डोनाला बाग हवी होती. आणि सगळ्यात वर, उतरत्या छपराखाली, मी आणि मिलिंद. मिलिंद इथल्या एका कंपनीत इंजिनियर, आणि मी डोक्याला तुळई लागू नये म्हणून वाकून चालणारी गरोदर बाई.

आम्ही जर्मनीला मधलं स्टेशन समजून आलो होतो. आमच्या सांगलीच्या कॉलेजात हुशार मुलगा आणि अमेरिकेला जाणारा मुलगा हे दोन वेगळे मुलगे असू शकतात, ही कल्पनाच कुणाला नव्हती. जर्मनीला आलोय म्हटल्यावर नातेवाईक कौतुक करायचे आणि त्याच दमात विचारायचे, मग अमेरिकेला कधी? जसं काही आम्ही मिरजेला गाडी बदलायला उतरलोय. त्यामुळे खालच्या मजल्यावर खरीखुरी अमेरिका राहते याचं मला फार अप्रूप होतं. ती अमेरिका रुंद खांद्यांची, मोठ्यानं हसणारी होती. छावणीतल्या दुकानातून आणलेली पीनट बटरची बादलीएवढी बरणी ती आमच्या दारात ठेवून जायची. तिची लांबलचक गाडी आमच्या अरुंद गल्लीत वळताना चार जण घरातून बाहेर येऊन हात दाखवायचे.

फ्राऊ हार्टमान आणि डोना यांची सहा वर्षांची दोस्ती होती. फ्राऊ हार्टमान तरुणपणी छावणीच्या कँटीनमध्ये काम करत. त्यांचं इंग्रजी तिथलंच, झणझणीत. महायुद्धानंतरच्या उपाशी वर्षात एका अमेरिकन सैनिकानं त्यांच्या हातावर संत्रं ठेवलं होतं. त्यांनी ते सालासकट खाल्लं, कारण संत्रं कसं खातात हे त्यांना माहीतच नव्हतं. ही गोष्ट त्या प्रत्येक भाडेकरूला सांगत. दर वर्षी मे महिन्यातल्या पहिल्या रविवारी बागेतल्या टेबलावर दोघी समोरासमोर बसून श्पार्गेल सोलायच्या, आणि मग सगळं घर जेवायचं. आम्हीही त्या टेबलावर एकदा जेवलो होतो. या शहरात आपलं कुणीतरी आहे, असं मला पहिल्यांदा वाटलं ते तिथेच.

त्या वर्षी इराकच्या युद्धाची तयारी सुरू झाली. जर्मनीनं सांगितलं, आम्ही येणार नाही.

आमच्या घरात एक थोरले काका होते. लग्न कुणाचंही असो, पंगतीत मीठ कोणत्या बाजूला वाढायचं इथपर्यंत सगळं तेच ठरवत, आणि ठरवायचा त्यांना हक्कही होता, कारण अडीनडीला सगळ्यांच्या पाठीशी तेच उभे राहिले होते. मग एका वर्षी माझ्या चुलतभावानं त्यांना न विचारता कार्यालय ठरवलं. काका संतापले, दोन दिवस जेवले नाहीत. पण लग्न झालंच, आणि जिलबी चांगली होती. त्यानंतरही पहिली पत्रिका काकांनाच जायची, पण विचारायला मात्र कुणी जाईनासं झालं. त्या फेब्रुवारीत टीव्हीवर दोन्ही देशांचे पुढारी एकमेकांशी तिरके बोलताना पाहिले की मला त्या कार्यालयाची आठवण यायची. गंमत म्हणजे युद्धाला नाही म्हणणाऱ्या जर्मनीचेच सैनिक तेव्हा छावणीच्या फाटकावर पहाऱ्याला उभे होते, आणि थंडीत त्यांना थर्मासमधून कॉफी नेऊन द्यायची डोना.

रे फेब्रुवारीत इराकच्या मोहिमेवर रवाना झाला. तो गेल्याच्या दुसऱ्या आठवड्यात फ्राऊ हार्टमान यांनी खालच्या बाल्कनीला इंद्रधनुष्याच्या रंगांचा शांततेचा झेंडा लावला. तसे झेंडे गावभर होते, पण हा नेमका डोनाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. डोनानं मग अंगणातल्या चेरीच्या झाडाला पिवळी रिबीन बांधली. घरचं माणूस लढाईवर गेलं की अमेरिकेत तशी बांधतात. झाड फ्राऊ हार्टमान यांचं. म्हणजे वरून एकीला दुसरीचा झेंडा दिसे आणि खालून दुसरीला पहिलीची रिबीन.

बोलणं बंद झालं. दोघी मला येऊन सांगू लागल्या, कारण मी दोन्ही मजल्यांच्या वर होते आणि पोटामुळे पळून जाऊ शकत नव्हते.

डोना म्हणाली, "माझा नवरा तिथे आहे, आणि ही माझ्या खिडकीखाली मला रोज सांगतेय की तो चुकतोय."

फ्राऊ हार्टमान म्हणाल्या, "महायुद्धात बॉम्बनी हे शहर जळालं तेव्हा मी सात वर्षांची होते. तळघरात. नंतर शाळेत आम्हाला अमेरिकनांनीच शिकवलं, हुकूम आला तरी आधी स्वतः विचार करा. आल्झो, तर मग, केला विचार. आता रागावतात."

मला दोघींचंही पटायचं, हीच पंचाईत. मार्चच्या शेवटी माझ्या पोटात कळा सुरू झाल्या तेव्हा मिलिंद एर्लांगेनला कामाला गेलेला. डोनानं आपली जहाजासारखी गाडी काढली, फ्राऊ हार्टमान यांनी माझी बॅग आणून मागच्या सीटवर ठेवली, माझ्या पायांवर शाल घातली, दार लावलं. हे सगळं एकमेकींकडे न बघता. इतक्या कळांतही मला हसू आलं.

मीरा झाली. एप्रिलच्या मध्याला व्हिसाचे सोपस्कार आटपून आई सांगलीहून आली. डिंकाचे लाडू, शेपा, बाळंतकाढा, आणि घडीचा लाकडी पाळणा, जो फ्रांकफुर्टच्या कस्टमवाल्यानं उलटासुलटा करून पाहिला होता. आईला जर्मन येत नाही, इंग्रजीही बेताचंच. ती सगळ्यांशी मराठीतच बोलते आणि समोरच्याला समजतं, असं तिचं ठाम मत आहे. पहिल्याच दिवशी तिनं बाल्कनीतला झेंडा पाहून इथे रंगपंचमी असते का, असं विचारलं. मग चेरीखाली बाळाला कोवळ्या उन्हात घेऊन बसली असताना तिची नजर रिबिनीवर गेली. फ्राऊ हार्टमान जवळच माती उकरत होत्या.

"नवऱ्यासाठी बांधलाय ना दोरा?" आईनं विचारलं. "आपण वडाला बांधतो. इथे वड नाही, तर बांधला चेरीला. कुठेही गेलं तरी बायकांच्या जिवाला घोर तोच."

त्या काय म्हणतात, असं फ्राऊ हार्टमान यांनी मला विचारलं. मी शब्दाला शब्द सांगितला. दोन दिवसांनी त्यांनी झाडाच्या फांद्या छाटल्या तेव्हा रिबिनीची फांदी, खरं तर तीच वाकडी वाढली होती, तशीच ठेवली.

मला वाटलं, निवळतंय. तेवढ्यात फ्राऊ हार्टमान एक पाकीट घेऊन वर आल्या. डोनाची क्युंडिगुंग. म्हणजे घर सोडत असल्याची लेखी नोटीस, तीन महिने आधी द्यायची. एका जिन्याच्या अंतरावर राहून तिनं ती टपालानं पाठवली होती, तिकीट लावून. छावणीतल्या घरासाठी तिचा अर्ज मंजूर झाला होता. फ्राऊ हार्टमान यांना माझ्याकडून काहीच नको होतं. नुसत्या खुर्चीत बसल्या, आणि त्यांचा कणा पहिल्यांदाच ताठ नव्हता. डोना गेली तर मला रडू येणार होतं. त्यांना काय होणार होतं ते मला विचारवेना. टीव्हीवर लढाई जिंकल्याचं जाहीर झालं होतं, पण रे कधी परत येणार हे डोनाला कुणी सांगत नव्हतं. ती एकटी वर, या एकट्या खाली.

आईला मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भांडू देत. पण बारशाला मला दोघी लागतील. पाळण्याच्या एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक. तू नुकती उठलीस, आणि मला म्हातारीला वाकवत नाही."

आई तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होती आणि फ्राऊ हार्टमान तिच्याहून आठ वर्षांनी मोठ्या. पण आईच्या हिशेबात शंका काढायची आमच्याकडे पद्धत नाही.

बारसं सव्वा महिना झाल्यावर, मेच्या पहिल्या शनिवारी. आदल्या दिवशी फ्राऊ हार्टमान यांनी बाळंतिणीसाठी म्हणून दोन किलो श्पार्गेल ओल्या फडक्यात गुंडाळून पाठवला. त्यांच्या भाषेत ती फार मोठी भेट. आईनं एक कोंब हातात घेतला, मोडला, वास घेतला आणि तिचा चेहरा उजळला. ही तर शतावरी, म्हणाली. तशी ती चुकली नव्हती. आपली शतावरी याच कुळातली. बाळंतिणीला दूध येण्यासाठी आपल्याकडे शतावरीचा कल्प दुधातून देतात, हेही खरं. पुढचं मात्र आईचं स्वतःचं. मी झोपले होते. जागी झाले तेव्हा दोन्ही किलोंची खीर झाली होती. साखर, वेलची, केशर, आणि वर बदामाचे काप. मिलिंद स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. तो म्हणाला की मी थांबवायचा प्रयत्न केला. सासूबाईंना जावयानं थांबवणं म्हणजे काय हे मला ठाऊक असल्यामुळे मी त्याला माफ केलं.

शनिवारी चार वाजता दोघी वर आल्या. डोना जरीच्या काठाचा स्कार्फ घालून, फ्राऊ हार्टमान चर्चला जायच्या ब्लाऊजमध्ये. बाळाच्या आधी पाळण्याच्या खालून आणि वरून वरवंटा फिरवतात, म्हणजे मूल दगडासारखं दणकट होतं. वरवंटा विमानाच्या वजनात बसला नव्हता. फ्राऊ हार्टमान यांना मी अर्थ समजावल्यावर त्या खाली जाऊन एक गुळगुळीत, जड दगड घेऊन आल्या. कोबी आंबवायच्या बरणीत वजन म्हणून ठेवायचा, त्यांच्या आईचा. आईनं त्याला टोपडं घातलं, हळदकुंकू लावलं. मग तिनं हळदकुंकवाचा करंडा दोघींपुढे नेला. फ्राऊ हार्टमान यांच्यापुढे तिचा हात क्षणभर थांबला, ते फक्त मला कळलं. मग तिनं त्यांना कुंकू लावलं, जरा मोठंच.

दगड पाळण्याखालून इकडून तिकडे गेला, वरून तिकडून इकडे आला. आई म्हणेल तसं दोघींनी म्हणायचं, घ्या. डोना म्हणाली, ग्या. फ्राऊ हार्टमान म्हणाल्या, घ्या, अगदी स्वच्छ, परीक्षेला बसल्यासारखं. दोघींच्या नजरा दगडाच्या टोपड्यावर. मग मीरा. दोन मोठाले हात पुढे झाले, दोन सुरकुतलेले हात पुढे झाले, आणि त्या मधल्या घडीला बाळ दोघींच्या हातांत एकदमच होतं. कुणी आधी सोडायचं, हे ठरेना. आई म्हणाली, सावकाश, घाई नाही कुणाला. अखेर डोनानं हात काढले.

नाव ठेवायला आत्या पुण्यात. म्हणून फोन बाळाच्या कानाला लावला, आत्यानं तिकडून नाव सांगितलं, आणि आत्याच्या पाठीत मारायचे बुक्के आम्ही सोफ्याच्या उशीला मारले. मग घुगऱ्या आल्या. दोघींनी आवडीनं खाल्ल्या. मग आई स्वतः वाट्या घेऊन आली, काठोकाठ भरलेल्या.

डोनानं पहिला चमचा तोंडात घातला आणि थांबली. फ्राऊ हार्टमान यांनी चमचा तोंडात घातला, चावला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी आजवर कुठल्याही जर्मन चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. मेच्या पहिल्या आठवड्यातला, जाड, पहिल्या प्रतीचा श्पार्गेल. साखरेत. समोर आई हात जोडून, कौतुकानं बघत उभी. वाटी खाली ठेवायची सोय नव्हती. आणि तेव्हा, फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा, त्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"इंगे," डोना अगदी हळू म्हणाली, "हा श्पार्गेल नाही असं सांग मला."

"आहे," फ्राऊ हार्टमान ओठ न हलवता म्हणाल्या. "दोन किलो. मीच दिला. खा मुकाट्यानं, ती बघतेय."

डोनाच्या खांद्यांना आधी कंप सुटला. फ्राऊ हार्टमान यांनी रुमाल तोंडाला लावला. मग दोघींना आवरेना. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या, एकमेकींचा दंड धरून, आणि त्यातच वाट्या संपवल्या. शहाणे लोक दोस्ती टिकवायला तह करतात, परिषदा भरवतात. आमच्या घरात एका वाटीनं काम झालं. आईला वाटलं, खीर इतकी आवडली की बिचाऱ्यांना आनंद मावेना. तिनं दोघींना आणखी वाढली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, बागेत टेबल लागलं. नवा श्पार्गेल आला होता, नीट, म्हणजे मीठ आणि लोणी घालून करायचा. सालं काढताना खाली पसरायला फ्राऊ हार्टमान यांनी घरातून एक कागद आणला. मी पाहिलं, ती क्युंडिगुंग होती, सहीची बाजू वर. डोनानंही पाहिलं. तिनं सोलणं घेतलं आणि पहिलं लांब साल नेमकं स्वतःच्या सहीवर टाकलं. जेवण होईस्तोवर कागद दिसेनासा झाला होता, आणि तो विषय पुन्हा निघाला नाही.

झेंडा मात्र उतरला नाही. रिबीनही सुटली नाही. रे पुढच्या वसंतात परत आला, धड, थोडा बारीक होऊन, तेव्हा डोनानं ती स्वतः सोडली. तोवर एकमेकींचं न पटता सुद्धा एका टेबलावर जेवता येतं, हे आमच्या घरात रोज चाललेलं होतं. युद्धाबद्दल कोण बरोबर होतं, हे आता जग ठरवून बसलंय. फ्राऊ हार्टमान यांनी ते डोनाला एकदाही म्हणून दाखवलं नाही. कापायचं कधी थांबवायचं हे श्पार्गेल खाणाऱ्यांना कळतं, असं मी समजते.

गेल्या वर्षी छावणी बंद झाली आणि डोना आणि रे ओहायोला गेले. आम्ही मात्र राहिलो. अमेरिकेला कधी, असं आता आम्हाला सांगलीत कुणी विचारत नाही. उलट, जर्मनीत मुलाला ॲडमिशन कशी मिळेल ते विचारतात. मधल्या स्टेशनावर उतरलो आणि गाव आवडलं, इतकंच झालं. तरी डोनाची गाडी गल्लीत वळत नाही याची चुटपुट लागतेच. आता कुणाला बाहेर येऊन हात दाखवावे लागत नाहीत.

आज मेचा पहिला रविवार. बागेत टेबल लागलंय. जाड श्पार्गेल मी आणि फ्राऊ हार्टमान मिळून सोलला, मीरानं सालं मोजली. आणि मोडक्याची, पाव किलोची, मी सकाळीच खीर केली. दर वर्षी करतो. जेवणाआधी प्रत्येकानं एक चमचा खायचा, हा आमचा नियम आहे. आई दर मे महिन्यात फोनवर विचारते, त्या दोघी अजून करतात का गं माझी खीर? करतात आई, दर वर्षी, असं मी सांगते, आणि त्यात काही खोटं नाही.

एक वाजता फोन वाजला. ओहायोत सकाळचे सात. फ्राऊ हार्टमान यांनी फोन टेबलावर मधोमध ठेवला आणि स्पीकर लावला, आणि कसं आहेस वगैरे काही न विचारता म्हणाल्या, "खाल्लीस?"

"खाल्ली," डोना म्हणाली. "इथे पांढरा मिळत नाही. हिरव्याची केली. रेनं घर सोडून जायची धमकी दिलीय."

"आणि?"

"अजून तितकीच वाईट लागते, इंगे."

"गेनाऊ. अगदी तितकीच," फ्राऊ हार्टमान म्हणाल्या, फोनशेजारची रिकामी खुर्ची जराशी जवळ ओढली, आणि आपला चमचा तोंडात घातला.